आगोटीच्या आधी : पाठचिकित्सेचा इतिहास आणि माझ्या हातची एक चूक

१/
आजचा धागा एका जुन्या विद्येच्या इतिहासाविषयी आहे. प्राचीन ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती गोळा करायच्या, त्या ओळीला ओळ लावून ताडून पाहायच्या आणि मूळ शब्द कोणता असावा हे ठरवायचे, असे या विद्येचे काम. ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांच्या निमित्ताने ती युरोपात वाढली. तिथे या साऱ्या अभ्यासाला फिलॉलॉजी म्हणतात. आपण तिच्या या अंगाला पाठचिकित्सा म्हणतो. धागा लांब आहे, सवडीने वाचावा. त्यात एक घरगुती गोष्टही आहे. ती घडली नसती तर मी या वाटेला गेलोच नसतो.

२/
मी व्यवसायाने मुद्रितशोधक. गेली २२ वर्षे पुण्यात दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रिते तपासतो आहे. माझी आजी २०११ साली गेली. तिच्या पेटीत लाल पुठ्ठ्याची एक चोपडी निघाली. तीत तिने जात्यावरच्या १४० ओव्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवल्या होत्या. आजी चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर मोठे, ऱ्हस्वदीर्घाचा हिशेब नाही, शब्द एकमेकांना चिकटलेले आणि भाषा रत्नागिरीकडच्या खाडीकाठची.

३/
वर्षश्राद्धाला त्या ओव्यांची पुस्तिका करून नातेवाइकांना वाटावी, असे ठरले. काम अर्थातच माझ्याकडे आले. मी ओव्या टंकित केल्या आणि सवयीप्रमाणे त्या ‘शुद्ध’ केल्या. वेलांट्या-उकार नीट केले, न समजलेले शब्द समजतील असे केले, दोन-चार ठिकाणी अडखळणारी लय सरळ केली. २०० प्रती निघाल्या. सगळ्यांनी कौतुक केले. पुढच्या वर्षी घर बदलताना कसर लागलेली ती चोपडी रद्दीत गेली. ती नजरचुकीने गेली असे म्हणण्याचीही सोय नाही. गठ्ठा मीच बांधला होता. मजकूर छापून झाला, आता मूळ वहीचे काय काम, असे मला वाटले होते.

४/
त्यानंतर तीन वर्षांनी गावी गेलो. आजीची धाकटी बहीण, आमची मावशीआजी, तेव्हा ८४ वर्षांची होती. तिला आता दिसत नव्हते, म्हणून मी पुस्तिका वाचून दाखवत होतो. एका ओवीत सासुरवाशीण म्हणते की भाऊ मला न्यायला ‘आरतीच्या आधी’ येईल. मावशीआजीने हात वर करून मला थांबवले. “आरतीच्या आधी कशाला येईल रे तो? आगोटीच्या आधी येतो.”

५/
आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड. कोकणात आगोटीच्या आधी घर शाकारायचे, लाकडे भरायची, मीठ-मिरची-सुकी मासळी यांची बेगमी करायची. आणि आगोट लागली की होड्या किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या. आजीचे सासर खाडीच्या अलीकडे, माहेर पलीकडे. भाऊ आगोटीच्या आधी आला नाही, तर बहिणीला माहेर थेट नारळी पौर्णिमेनंतर. त्या एका शब्दात तिचे सगळे वर्ष होते. मी त्या जागी संध्याकाळची आरती बसवली होती.

६/
मग मला आठवले. चोपडीत ‘आगोटीच्या’ असेच होते. मला तो शब्द ठाऊक नव्हता. आजीच्या हातून काहीतरी चुकले असे मी धरून चाललो. ‘आरतीच्या’ या शब्दाची अक्षरे तितकीच, सुरुवात तशीच, अर्थ लागतो, लयही बसते. इतकी साळसूद चूक कुणाच्या लक्षात येणार? आणि या ओवीत मी हे केले असेल, तर उरलेल्या १३९ ओव्यांत काय काय केले असेल? ताडून पाहायला मूळ वही राहिली नव्हती.

७/
त्या अस्वस्थतेतून मी वाचायला लागलो. सँडीज यांचा तीन खंडांतला अभिजात विद्येचा इतिहास (१९०३–१९०८), रूडोल्फ फायफर यांचे दोन खंड (१९६८ आणि १९७६), रेनल्ड्स आणि विल्सन यांचे ग्रंथसंक्रमणावरचे पुस्तक (१९६८). प्रश्न एकच होता : माझ्यासारख्या माणसांनी गेल्या दोन हजार वर्षांत नेमके काय केले, आणि त्यापासून ग्रंथ वाचवण्यासाठी इतरांनी काय केले? फायफरबद्दल एक गोष्ट सांगतो. पत्नी ज्यू असल्यामुळे १९३७ मध्ये त्यांचे म्युनिकमधले प्राध्यापकपद गेले आणि त्यांनी ऑक्सफर्डमध्ये आश्रय घेतला. तिथेच त्यांनी कॅलिमाकस या अलेक्झांड्रियाच्या कवी-पंडिताच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची आवृत्ती सिद्ध केली. काय उरते आणि काय जाते, हे त्यांना निराळे शिकावे लागले नसेल.

८/
सुरुवात त्याच अलेक्झांड्रियापासून करू. इसवी सनापूर्वी तिसरे शतक. इजिप्तमधल्या ग्रीक राजांनी तिथे मोठे ग्रंथालय उभारले आणि गावोगावच्या प्रती मागवल्या. होमरच्या काव्याच्या मस्सालिया (आजचे मार्सेय), खिऑस, सिनोपे अशा नगरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रती तिथे आल्या. त्या एकमेकींशी जुळेनात. कुठे ओळी जास्त, कुठे कमी, कुठे शब्द वेगळे. कोणती ओळ होमरची आणि कोणती मागाहून घातलेली, हे ठरवायचे कसे?

९/
ग्रंथालयाचा पहिला प्रमुख झेनोडोटस याने एक साधी युक्ती काढली. संशयास्पद ओळीच्या डाव्या बाजूला, समासात, एक आडवी रेघ ओढायची. तिचे नाव ओबेलॉस, म्हणजे मांस भाजण्याचा सुळा. ओळ आहे तिथेच राहते. वाचणाऱ्याला फक्त कळते की संपादकाला तिची शंका आहे. झेनोडोटसने काही ओळी गाळल्याही. पण ती रेघ हा त्याचा मोठा वारसा ठरला. पुढे बायझँटियमचा ॲरिस्टोफेनिस आणि इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ॲरिस्टार्कस यांनी अशा खुणांची एक पद्धतच बसवली.

१०/
ॲरिस्टार्कसची होमरवरची भाष्ये काळाच्या ओघात गेली. त्याच्या खुणा मात्र एका हस्तलिखितात टिकल्या. इसवी सनाच्या दहाव्या शतकातली ‘इलियड’ची एक प्रत कार्डिनल बेसारिओन यांच्या संग्रहात होती, १४६८ मध्ये त्यांनी आपला संग्रह व्हेनिस नगराला दिला. तिच्या समासांत बारीक अक्षरात जुन्या टिपा आणि त्या खुणा होत्या. फ्रेंच विद्वान विलोआसाँ यांनी १७८८ मध्ये त्या छापल्या. त्यांच्या आधारावर फ्रीडरिश ऑगस्ट वोल्फ यांनी १७९५ मध्ये होमरच्या संहितेचा इतिहास मांडला आणि सगळ्या युरोपात वाद पेटला.

११/
इथे मी वाचता वाचता थांबलो होतो. ॲरिस्टार्कसला ज्या ओळी होमरच्या वाटत नव्हत्या, त्यांतल्या कितीतरी आपण आजही वाचू शकतो. त्याचे मत चुकले असेल तर ते खोडून काढायची सोय आपल्याला आहे, कारण त्याने मत समासात ठेवले, ओळीत घुसवले नाही. माझ्या पुस्तिकेला समास होता, पण त्यात एकही खूण नव्हती. माझे मत आणि आजीचा शब्द एकाच टाइपात, एकाच ओळीत बसले होते.

१२/
मध्ययुगात ग्रंथ मठांतल्या नकलकारांच्या हातून पुढे गेले. त्यांच्या चुका आम्हा मुद्रितशोधकांच्या रोजच्या परिचयाच्या. एकच शब्द जवळजवळ दोनदा आला की डोळा पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि मधला मजकूर गळतो. ओळखीचा शब्द अनोळखी शब्दाची जागा घेतो. समासातली टीप मजकुरात शिरते. बाराव्या शतकातला मठवासी आणि एकविसाव्या शतकातला टंकलेखक इथे सारखेच. पण या चुकांचा काही उपयोगही असेल, हे मला माहीत नव्हते.

१३/
तो उपयोग फ्लॉरेन्सच्या अँजेलो पोलित्सियानोने १४८९ मध्ये दाखवला. सिसरोच्या पत्रांच्या एका संग्रहाची एक जुनी प्रत आणि तिच्यावरून केलेली एक नक्कल त्याच्यासमोर होती. नकलेची बांधणी करताना पानांचा एक जुडगा चुकीच्या जागी बांधला गेला होता. इतर अनेक प्रतींमध्ये पाने नीट होती, पण मजकूर त्याच चुकीच्या क्रमाने लिहिलेला होता. म्हणजे त्या सगळ्या या नकलेपासूनच उतरलेल्या. मग जिथे मूळ प्रत हाती आहे, तिथे त्या प्रती साक्षीदार म्हणून कितीही असल्या तरी त्यांना वजन नाही.

१४/
पाठचिकित्सेचा कणा हाच. बरोबर शब्द दोन प्रतींत सारखा असला, तर त्यावरून त्यांच्या नात्याविषयी काही कळत नाही. दोघींनी तो स्वतंत्रपणे जपला असेल. पण तीच विशिष्ट चूक दोघींत असली, तर त्यांचा पूर्वज एक. चुकांवरून वंशावळ लावता येते. गेल्या वर्षी पुतणीच्या हळदीला घाणा भरताना मुली व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून ओव्या म्हणत होत्या. त्यांच्या तोंडून ‘आरतीच्या आधी’ ऐकले. त्या ओव्या कुठून आल्या, हे मला कुणाला विचारावे लागले नाही.

१५/
ही वंशावळ लावण्याची पद्धत बर्लिनचे प्राध्यापक कार्ल लाख्मान यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचे प्रसिद्ध काम लुक्रेशियस या रोमन कवीच्या निसर्गविषयक काव्यावरचे. हे काव्य पोज्जो ब्राच्चोलिनीला १४१७ मध्ये एका मठात सापडले. त्याने नक्कल करवून ती फ्लॉरेन्सला मित्राकडे, निक्कोली याच्याकडे पाठवली. मठातली ती पोथी आज नाही. पोज्जोने करवलेली नक्कलही नाही. निक्कोलीने स्वतः उतरून घेतलेली प्रत तेवढी राहिली. पुढे नवव्या शतकातली दोन हस्तलिखिते उजेडात आली. ती आज नेदरलँड्समधल्या लायडनला आहेत.

१६/
त्या दोनांपैकी एकात काव्याचे चार भाग मूळ जागी नव्हते. ते ग्रंथाच्या शेवटी एकत्र लिहिलेले होते. प्रत्येक भाग सुमारे ५२ ओळींचा. चारही तुकडे सारख्याच लांबीचे का? लाख्मान यांनी उत्तर दिले : ज्या पोथीवरून ही प्रत उतरली, तिची चार पाने निसटली होती आणि कुणीतरी ती शेवटी ठेवून दिली होती. एका पानाच्या दोन बाजू मिळून ५२ ओळी, म्हणजे एका बाजूला २६. कुणीही न पाहिलेल्या, केव्हाच नष्ट झालेल्या पोथीच्या पानावर किती ओळी होत्या, हे त्यांनी १८५० मध्ये सांगितले.

१७/
हे वाचले तेव्हा मला क्षणभर आशा वाटली. नाहीशी झालेली पोथी परत उभी करता येत असेल, तर चोपडी का नाही? उत्तर लगेच मिळाले. लाख्मान यांच्याकडे परस्परांहून वेगळे साक्षीदार होते. माझ्याकडे पुस्तिकेच्या २०० प्रती होत्या, पण त्या सगळ्या मिळून साक्षीदार एकच : मी. पोलित्सियानोच्या हिशेबाने त्यांचे वजन शून्य.

१८/
माझ्यासारखे आणखी कितीतरी होऊन गेले, आणि ते सामान्य नव्हते. व्हेनिसचे विख्यात मुद्रक आल्डुस मानुटियस यांनी १५०८ मध्ये धाकट्या प्लिनीची पत्रे छापली. त्यांच्या हाती पॅरिसहून आणलेली फार प्राचीन पोथी होती. तिच्यातली म्हणून आज सहा पाने न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहेत, बाकीची गेली. बेआटुस रेनानुस यांना १५१५ मध्ये मुर्बाखच्या मठात वेल्लेयस या रोमन इतिहासकाराची एकमेव पोथी सापडली. १५२० मध्ये ग्रंथ बाझेलला छापला गेला आणि पोथी पुढे नाहीशी झाली. आज तो ग्रंथ त्या छापील आवृत्तीच्या आणि एका नकलेच्या आधारावर उभा आहे.

१९/
मुद्रणालयात गेलेल्या पोथीवर शाईचे डाग पडत, खुणा होत, पाने सुटी होत. छापील ग्रंथ स्वच्छ, सुवाच्य आणि हवा तितक्या प्रतींत मिळणारा. मग तो मळका गठ्ठा कशाला ठेवायचा? हा विचार करणारी माणसे निष्काळजी नव्हती, त्या काळातली सर्वांत विद्वान माणसे होती. ग्रंथावर त्यांचे प्रेम होते. आजीवर माझेही होते. प्रेमाने जपणे आणि पुरावा जपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे युरोपालाही शिकायला काही शतके लागली.

२०/
अतिआत्मविश्वासाचे उदाहरण केंब्रिजच्या रिचर्ड बेंटली यांचे. फॅलारिस नावाच्या ग्रीक जुलमी राजाच्या नावावर खपणारी पत्रे बनावट आहेत, हे त्यांनी भाषेच्या आणि कालगणनेच्या पुराव्याने सिद्ध केले होते. तेच बेंटली म्हातारपणी मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’कडे वळले. कवी आंधळा, त्याने सांगितले ते दुसऱ्यांनी लिहिले, तेव्हा मधल्या कुणीतरी काव्य बिघडवले असणार, असे गृहीत धरून त्यांनी १७३२ मध्ये शेकडो दुरुस्त्या सुचवल्या. लोकांनी त्यांची भरपूर थट्टा केली. पण आवृत्ती पाहिली तर दिसते की बेंटली यांनी मिल्टनचे शब्द जागेवरच ठेवले होते. आपल्या दुरुस्त्या त्यांनी बाजूला, समासात छापल्या. चुकतानाही त्यांनी वाचकाला परतीची वाट ठेवली. मी ती ठेवली नव्हती.

२१/
आता ‘आरती’ आणि ‘आगोट’ यांत मूळ कोणते, हे मावशीआजी नसती तरी ठरवता आले असते का? दोन्ही पाठ समोर असते, तर हो. या विद्येचा एक जुना नियम आहे : दोन पाठांपैकी अवघड पाठ बहुधा मूळचा. नकलकार अवघड शब्दाच्या जागी सोपा घालतो. सोप्याच्या जागी मुद्दाम अवघड कोण घालील? ‘आरती’चे ‘आगोट’ होणार नाही, ‘आगोट’चे ‘आरती’ होईल. नियमाला अपवाद आहेतच. अवघड दिसणारा पाठ निव्वळ निरर्थकही असू शकतो. पण अर्थ लागणारा, त्या मातीतला आणि अपरिचित असा शब्द दिसला, तर आधी हात मागे घ्यावा.

२२/
सेबास्तियानो टिम्पानारो हे नाव मला या वाचनात भेटले. त्यांनी १९६३ मध्ये लाख्मान यांच्या पद्धतीचा उगम शोधणारे पुस्तक लिहिले आणि दाखवले की तिच्यातला मोठा भाग लाख्मान यांच्या आधीच्या आणि बरोबरीच्या इतरांनी घडवला होता. पुढे १९७४ मध्ये त्यांनी फ्रॉइडवर टीका केली. बोलताना विसरलेला शब्द फ्रॉइड यांना दडपलेल्या इच्छेची खूण वाटे. टिम्पानारो म्हणाले की यांतल्या कितीतरी चुका नकलकारांच्याच जातीच्या आहेत, अनोळखी शब्द गळतो किंवा ओळखीचा होतो, इतकेच. हे टिम्पानारो विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. फ्लॉरेन्समधल्या एका प्रकाशनसंस्थेत ते मुद्रिते तपासत. ही माहिती वाचून मी त्या दिवशी चहा जरा सावकाश प्यालो.

२३/
लाख्मान यांच्या वंशवृक्षालाही मर्यादा आहेत. पॉल मास यांनी १९२७ मध्ये ही पद्धत जवळजवळ गणितासारख्या नेमकेपणाने मांडली. इटलीच्या जॉर्जो पास्क्वाली यांनी १९३४ मध्ये मोठा ग्रंथ लिहून दाखवले की प्रत्यक्षात नकलकार एकाच प्रतीवर विसंबून राहत नसत. समोर दोन-तीन प्रती ठेवून हव्या त्या जागा हव्या त्या प्रतीतून घेत. झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंतत. आणि उशिराची प्रत म्हणजे वाईट प्रत, असेही नसते. तिच्यात एखादा जुना झरा वाहत आलेला असू शकतो. ८४ वर्षांची, लिहिता न येणारी मावशीआजी ही अशीच उशिराची आणि उत्तम प्रत होती.

२४/
ही पद्धत बर्लिनहून पुण्याला आली, त्या माणसाचे नाव विष्णु सीताराम सुकथनकर. केंब्रिजला गणित, मग बर्लिनला हाइनरिख ल्यूडर्स यांच्याकडे संस्कृत. १९२५ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात ते महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झाले, त्याच्या प्रस्तावनेसह. त्या प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट केले की ग्रीक-लॅटिन ग्रंथांसाठी घडलेली पद्धत इथे जशीच्या तशी चालणार नाही. महाभारत अनेक लिपींत, अनेक प्रांतांत, कथेकऱ्यांच्या तोंडी वाढत गेलेले. त्याचा प्रश्नच आगळा. व्यासांचा मूळ शब्द आपण देतो असा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितके जायचे, इतकेच त्यांचे म्हणणे होते.

२५/
या आवृत्तीचे पान उघडून पाहावे. वर स्वीकारलेला पाठ. खाली बारीक टाइपात पाठभेदांची रांग. वगळलेल्या ओळी तारांकित करून तळटीपेत, मोठे वगळलेले भाग परिशिष्टात. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही सर्वांच्या आवडीची कथादेखील मुख्य संहितेत नाही. पण ती फेकून दिलेली नाही, परिशिष्टात शाबूत आहे. आणि स्वीकारलेला शब्दही जिथे पुरेसा खात्रीचा नाही, तिथे त्याच्याखाली एक नागमोडी रेघ आहे. सुकथनकर १९४३ मध्ये गेले. काम इतरांनी पुढे नेले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. झेनोडोटसची आडवी रेघ आणि पुण्यातली ही नागमोडी रेघ यांच्यामध्ये दोन हजारांहून अधिक वर्षे आहेत. दोन्ही रेघांचे सांगणे एकच : इथे मला शंका आहे, तुम्हीही पाहा.

२६/
मराठीपुरते पाहायचे, तर अशा कामासाठी युरोपकडेच पाहायला हवे असे नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचे पाठ शोधून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तिच्यात स्वतःची ओवी घालू पाहणाऱ्याला बजावले की ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखे होईल. ‘शुद्ध’ हा शब्द तिथेही आहे आणि माझ्या व्यवसायातही. एकनाथांच्या शुद्धीत दुसऱ्याचा शब्द परत मिळवण्याची धडपड होती. माझ्या शुद्धीत खाडीकाठची बोली पुस्तकी करण्याची घाई होती.

२७/
मी पुन्हा गावी गेलो. दोन दुपारी मावशीआजीसमोर बसून सगळ्या १४० ओव्या वाचल्या; ती म्हणाली ते ध्वनिमुद्रित केले. तिने मला १७ ठिकाणी थांबवले. ९ ठिकाणी तिने मूळ शब्द खात्रीने सांगितला. ३ ठिकाणी तिला दोन-दोन पाठ आठवत होते आणि ती दोन्ही म्हणून दाखवत होती. उरलेल्या ५ ठिकाणी ती म्हणाली, “असे नव्हते. पण कसे होते, ते आता येत नाही मला.” दुसऱ्या वर्षी तीही गेली.

२८/
आधुनिक संपादक बिघडलेल्या आणि दुरुस्त न होणाऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना खंजिराची खूण करतात. तिचे नावही त्या जुन्या ओबेलॉसवरूनच आले आहे. नव्या पुस्तिकेत ९ शब्द पालटले आहेत आणि ३ जागी दोन्ही पाठ दिले आहेत. ५ जागी खंजीर आहेत. त्यांच्या मधला शब्द माझा आहे आणि तो चूक आहे, एवढेच मला ठाऊक आहे. पहिल्या पानावर आधीच्या पुस्तिकेत कोणी काय केले ते माझ्या नावानिशी लिहिले आहे. पुतणीने विचारले, “काका, हे खंजीर वाईट दिसतात, काढू या का?” मी नको म्हटले.

२९/
धागा इथे संपवतो. कुणाच्या घरी आजीची वही असेल, आजोबांचे रोजनामचे असतील, पाककृतींचे कागद असतील, तर जरूर टंकित करा, छापा, वाटा. न कळलेला शब्द जसाच्या तसा उतरवा आणि त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढा. तो ओळखणारे कुणी हयात असेल तर त्यांना आजच विचारा. आणि छापून झाल्यावर वही टाकू नका. कसर लागली असेल तर कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोरड्या कापडात बांधून ठेवा. आगोटीच्या आधी.